मी लिहिण्याआधीच ‘झालं’ म्हणालो

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे फायलींचं सामाईक कपाट समजा. देवळाली प्रवरात खाजाभाईंचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी असतो आणि पुढचे चारही कॉम्प्युटर फोटो, व्हिडिओ, गाणी सगळं माझ्याकडूनच मागतात. मला हे एका दमात सांगू द्या, नाहीतर परत राहून जाईल.

मला स्टुडिओतली मशीनं बघणाऱ्या पंकजदादानं जोडलं. तेव्हा मी हळू होतो, पण खरा होतो. फाइल आली की आधी डिस्कवर लिहायची आणि मगच ‘झालं’ म्हणायचं. एका वेळी एक हजार चोवीस फायली उघड्या ठेवायची मर्यादा होती, त्याच्यावर कुणी मागितली की मी सरळ नाही म्हणायचो. मग लग्नसराई आली, चौघं एकदम हजारो फोटो उघडायला लागले, आणि मी आपला नाही, नाही, नाही.

“ह्याला म्हातारपन आलंय,” खाजाभाई म्हणाले. “पंकज, बघ बाबा, न्हाईतर भंगारात घालू.”

पंकजदादानं माझ्या सेटिंगा उघडल्या. फायलींची मर्यादा वाढवली, ते बरोबरच होतं. पण मला अजून पळवायचं म्हणून त्यानं दोन गोष्टी जास्तीच्या केल्या. लिहिण्याआधीच ‘झालं’ म्हणायचं, आणि आलेलं सगळं दहा मिनिटं मेमरीतच धरायचं. मेमरी म्हणजे नुसतं हातात धरलेलं, मित्रांनो. लाइट गेली की हात रिकामे.

“आन् लाइट गेली तर?” खाजाभाईंनी विचारलं.

“बॅटरी हाय की खाली.”

बॅटरी होती, पण दोन उन्हाळे ती फुगून पडली होती आणि तिच्याकडं कुणी वाकून बघितलं नव्हतं.

मी असला पळायला लागलो की खाजाभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आमचा गडी बघा, लई सुधारलाय.” मला ते इतकं आवडायचं, काय सांगू.

मग एप्रिलात अश्विनी तिच्या आत्याला, भिमाबाईंना घेऊन आली. भिमाबाई जन्मभर वीटभट्टीवर राबल्या आणि जयंतीला स्वतः रचलेली भीमगीतं गायल्या. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. आता गळ्यात गाठ होती, सोमवारी नगरला ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“किती गानी हायत, आत्या?” खाजाभाईंनी विचारलं.

“मोजली न्हाईत. तूच दमशील आधी.”

अकरा झाली, मग खोकला थांबेना. खाजाभाईंनी रेकॉर्डरच्या कार्डातली सगळी गाणी माझ्यात टाकली, मी ‘झालं’ म्हणालो. त्यांना राहुरीच्या लग्नाला निघायचं होतं, म्हणून त्यांनी तेच कार्ड पुसलं आणि गेले. सहाव्या मिनिटाला लाइट गेली. बॅटरीनं एक क्षणसुद्धा धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यात अकरा नावं होती आणि आत काही नव्हतं. कार्डावर राहुरीचं लग्न चढलं होतं.

“ह्यानं झालं म्हनून सांगितलं हुतं,” खाजाभाई पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पंकजदादा खाली बसला. “मीच शिकवलं हुतं त्याला तसं म्हनायला.”

ऑपरेशनला तीन दिवस होते, तर अश्विनी म्हणाली परत गाऊन घेऊ. पण भिमाबाईंचा घसा त्या अकरा गाण्यांतच बसला होता. नुसती हवा यायची. आणि अश्विनीला बिचारीला कुठल्याही गाण्याच्या दोनच ओळी येत होत्या.

महिन्यानं भिमाबाई अश्विनीबरोबर आल्या, गळ्याला पट्टी. बोट कॉम्प्युटरकडं केलं, मग हात कानाला लावला.

“मशीन दुरुस्तीला दिलंय, आत्या,” खाजाभाई म्हणाले. अश्विनी जमिनीकडं बघत राहिली. मी मागच्या खोलीत घरघर करत चालू होतो.

मित्रांनो, काही पुसण्याआधी ते एकदा उघडून ऐका. आम्हाला पळवा, पण न केलेल्या कामाला ‘झालं’ म्हणायला शिकवू नका, आम्ही शिकवाल तेच म्हणतो. पंकजदादानं माझ्या त्या दोन्ही सेटिंगा परत जुन्या केल्यात, नवी बॅटरी आणलीय. मी परत खरा झालोय. भिमाबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी येतात, बाकावर बसतात, आणि दुरुस्ती कुठवर आली ते हातानं विचारतात.