पाचव्या इनिंगनंतर

“खांदा वर चालला तुमचा, सत्यभामाबाई. हात मांडीपासून आला पाह्यजे,” पुंडलिकराव मैदानाच्या कडेवरून ओरडले.

सत्यभामाने मान हलवली आणि पुढचा बॉल टाकला. तो बॅटरजवळच्या प्लेटच्या अलीकडेच पडला आणि घरंगळत माझ्या बुटाला लागला. मी कॅचर, प्लेटमागे बसून बॉल झेलणारी. पहिल्या चार इनिंग हाच बॉल छान कमान करून नेमका प्लेटवर उतरत होता आणि समोरच्या बायका हवेत बॅटी फिरवत होत्या. पाचवी लागली की बाईच्या हातातलं काहीतरी निघूनच जायचं. दर मॅचला तेच रडगाणं. तीही मॅच आम्ही घालवता घालवता वाचलो.

स्लो पिच सॉफ्टबॉलमध्ये बॉल जोरात टाकायचा नसतो, हे आधीच सांगून ठेवते. दिग्रसमध्ये अजून लोक मला विचारतात, एवढ्या हळू बॉलला दम कशाला लागतो म्हणून. हात खालून आणायचा, बॉल उंच चढवायचा आणि प्लेटवर उतरेल असा सोडायचा. एकदा कोणीही टाकील. सात इनिंग, भर उन्हात, तोच हात आणि तीच उंची, हे करून दाखवा आणि मग बोला.

टीम पुंडलिकरावांनी उभी केली होती. शाळेतून रिटायर झालेले खेळाचे मास्तर, घरात करमत नव्हतं. त्या वर्षांत कापसाचं मातेरं झालं होतं, जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि संक्रांतीपर्यंत थंड पडायची. बायांना काम नव्हतं. मग जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचणारी सत्यभामा, शिलाईवाली मी, अंगणवाडीच्या बाया, कॉलेजात जाणारी प्रेरणा, अशी मोट बांधली गेली. नवरे आधी हसले. हसून कंटाळले तेव्हा मॅच पाहायला यायला लागले.

त्या दिवशी मॅच संपल्यावर रावांनी सांगून टाकलं, “पुढच्या रविवारी यवतमाळले फायनल हाय. पाचवीपासून प्रेरणा टाकीन.”

“मीच टाकतो, सर,” सत्यभामा म्हणाली.

“दम पुरत नाही तुमचा. वय झालं आता, त्याले काय करता?”

“पुरते.”

“मग हप्ताभर पाहू,” राव म्हणाले. त्यांच्या आवाजात फारसा विश्वास नव्हता.

घरी जाताना ती म्हणाली, “इंदू, माह्यी शाळा चौथीत सुटली. जिनिंग दरसाली अर्ध्यात बंद पडते. माह्या हातून एक गोष्ट तरी शेवटापर्यंत जावी वाटते वं मले. सात इनिंग. जास्त नाही मांगत.”

मग आठवडाभर रावांनी तिला जिनिंगच्या रिकाम्या आवारात पळवलं. भिजवलेले चणे आणि गूळ खायला लावला. वाळूची बादली उचलायला लावली, बूट बदलले, पाय किती पुढे टाकायचा ते चुन्याची रेघ मारून दाखवलं. माणूस मनापासून शिकवत होता, ते मी नाकारणार नाही.

संध्याकाळी ती तिच्या अंगणात टाकायची आणि मी बॉल उचलून परत द्यायची. समोर घमेलं ठेवलेलं, बॉल त्यात पडला पाहिजे. अंधार पडेपर्यंत टाकत राहायची, आणि बॉल घमेल्यात पडत राहायचा. मलाच उठबस करून पायात गोळे आले.

“इथं थकत नाही तू. तिथंच काहून थकतं?” मी विचारलं.

ती ओट्यावर बसली होती. हातात पाण्याचा तांब्या होता, अर्धा पिऊन झालेला. तिने तो खाली ठेवला.

“मॅचच्या दिवशी तू पानी कधी पेतं?”

“सकाळी चहा. मंग घरी आल्यावर.”

“मीबी तसंच.”

यात विचारण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं. मैदानावर बाईमाणसाला जायला जागा कुठे आहे? पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, त्यांचं भागतं. आम्ही सगळ्याच जणी कोरड्या घशाने खेळायचो. याला कोणी उपास म्हणत नाही, पण आमच्यात तो सगळ्या करतात.

“जिनिंगमध्येबी असंच केलं मी, इतके वर्सं,” सत्यभामा म्हणाली. “तहान लागत नाही म्हनून सांगाची सवय पडली. लागत तर होती.”

“सरले सांगतं काय मंग?”

“कसं सांगू? तू सांगतं?”

मीही सांगितलं नाही. रावांनी तिचा खांदा तपासला होता, गुडघा तपासला होता, पण ही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची?

फायनलला ती पाण्याची कॅन घेऊन आली. प्रत्येक इनिंगनंतर प्यायली. पाचवी गेली, बॉल तसाच चढत होता आणि तसाच उतरत होता. सहावी गेली. रावांनी प्रेरणाला उठवलंसुद्धा नाही. यवतमाळच्या टीमपेक्षा एका रनने आम्ही मागे होतो.

सातवीला ती उभी राहिली आणि बॉल न टाकता माझ्याकडे चालत आली.

“इंदू, जा लागते.”

“एवढी इनिंग दम धर ना.”

“नाही धरत आता.”

तिने अंपायरकडे हात केला. तो धावत आला. “काय झालं? लागलं काय?”

“लघवीले जाऊन येतो,” सत्यभामा म्हणाली. कुजबुजली नाही. मैदानाच्या भिंतीवर बसलेल्यांपैकी एक जण हसला, मग एकटाच पडला म्हणून गप्प झाला.

राव खाली मान घालून उभे होते. तिने बॉल त्यांच्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या घरांकडे निघाली. भर मैदानातून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून. मला लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात प्रेरणा उठली, “थांबा काकू, मीबी येतो.” मग यवतमाळची बॅटर बॅट ठेवून निघाली. तिच्यामागे अंगणवाडीच्या दोघी, मग मी. पहिल्याच घरातल्या म्हातारीने दार उघडलं, आमची रांग पाहिली आणि काही न विचारता परसाकडे बोट केलं.

परतलो तेव्हा अंपायर घड्याळ पाहत होता. राव त्याला म्हणाले, “पाहू नका घड्याळ. आल्या ना बाया.”

सत्यभामाने सातवी पुरी टाकली. एकही बॉल अलीकडे पडला नाही. आमच्या बॅटिंगने काही दिवे लावले नाहीत आणि त्याच एका रनने आम्ही हरलो. कप यवतमाळकडे राहिला. याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एसटी स्टँडवर दिग्रसची गाडी लागली होती. दोन तासांचा रस्ता. चढता चढता सत्यभामा थांबली आणि नळावर कॅन भरून घेतली.

“नको पेऊ वं आता, गाडीत बसाचं हाय,” मी म्हटलं.

“गाडी थांबवाले लावीन,” ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहून पोटभर पाणी प्यायली.