बुटका ओटा

या नव्या मुलखात आल्यापासून आम्ही तीन जुनी घरं दुरुस्त केली आणि तिन्ही विकली. काम संपेपर्यंत आम्ही त्याच घरात राहतो आणि रंग वाळला की आमचं बिऱ्हाड पुढच्या पडक्या घरात. घर घेणाऱ्या प्रत्येक बाईवर मी मनातून जळते. मला एक तरी घर हवंय.

आज चौथं घर बघायला डॉक्टरीणबाई आल्या. चांगल्या उंच. नवरा त्यांना एकेक कपाट उघडून दाखवत होता. मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होते. माझ्याशी बोलताना याच्या आवाजात इतकं लोणी कधी नसतं.

बाई ओट्यापाशी वाकल्या. "अहो, हा फारच बुटका झालाय. माझी पाठ मोडेल!"

नवऱ्याने टेप लावला आणि कान खाजवला. "चार बोटं कमी आहे खरा."

"माप कुणाचं घेतलंत?"

"हिच्या कोपराचं. ओटा म्हटलं की हिचंच माप हाताला येतं. आधीच्या तिन्ही घरांतही तेच झालं."

म्हणजे तीन परक्या बायका माझ्या ओट्यावर पोळ्या लाटतायत! माझ्या जिवाची नुसती आग झाली.

"यांना उंच करून दे," मी म्हणाले. "आणि पुढच्या घरात माझ्या मापाचा बांधलास, तर ते घर विकायचं नाही."

"अगं, पण मला दुसरं माप येतच नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर!"