गगनराजचा डावा कान

पियुषने नमुन्यावरचा रुमाल उचलला, तेव्हा मनोहररावांनी सवयीप्रमाणे आधी इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचं मत तयार झालेलं दिसलं की त्यांना आपलं मत बनवायला धीर येत असे. पण या दोघांचे चेहरे वाचणं कठीण होतं. दातांची डॉक्टर असलेल्या कामिनीने डोळ्याला भिंग लावलं होतं, आणि मौद्याच्या वीजकेंद्रात काम करणारा प्रेमानंद कुठल्याही वस्तूकडे ती चोरीची असल्यासारखाच पाहत असे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका प्लॅस्टिकच्या दुकानावरची ही खोली. पियुष इथे सुपरहिरोंच्या वीतभर उंचीच्या फिगर रंगवून, दुरुस्त करून द्यायचा. खेळायच्या नव्हेत, कपाटात ठेवून बघायच्या. नमुन्यातला हा गगनराज मात्र त्याच्या स्वतःच्या कल्पनेतला सुपरहिरो होता. पन्नाशी उलटलेला, पोट किंचित सुटलेलं, डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या. खरा माणूस आकाशात उडू लागला तर जसा थकेल तसा. रंग अजून दिलेला नव्हता. रंगाखाली चुका लपतात, म्हणून नमुना राखाडीच बघायचा अशी या मंडळींची रीत होती. आणि फिगर सगळ्यांच्या हातांतून फिरल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, ही दुसरी.

नागपुरातले जुने संग्राहक म्हणून या तिघांचा दबदबा होता. त्यांनी ‘चालेल’ म्हटलं की संग्राहकांच्या ग्रुपवरचे बाकीचे डोळे मिटून खरेदीसाठी नाव नोंदवत. ‘नक्कल आहे’ म्हटलं तर त्या कारागिराकडे पुन्हा कोणी फिरकत नसे. नक्कल काढणं तसं सोपं होतं. दुसऱ्याच्या फिगरवर रबराचा साचा घ्यायचा, त्यात रेझिन ओतायचं, नाक-हनुवटी घासून थोडी बदलायची.

आपल्यालाही असा मान मिळतो याचं मनोहररावांना कायम नवल वाटे. कॉलेजच्या लायब्ररीतल्या नोकरीत उभं आयुष्य गेलं, पण अमुक पुस्तक कुठे आहे याखेरीज त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. इथे कामिनी म्हणायची, काकांना काय वाटतं, आणि सगळे थांबायचे. त्या थांबण्यासाठी ते या बैठकांची वाट पाहत.

कामिनीने फिगरचे गुडघे वाकवून पाहिले. प्रेमानंदने फिगरचा वाससुद्धा घेतला. मग ती मनोहररावांच्या हातात आली. गुडघ्यामागच्या कापडाच्या चुण्या, हातावरच्या शिरा, सगळं छान उतरलं होतं. डाव्या कानाशी मात्र त्यांचा अंगठा थांबला. कानाच्या वरच्या कडेला एका जागी घडी होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी.

ही घडी ते रोज दाढी करताना आरशात पाहत होते.

त्यांच्याकडे एक जुनी परदेशी फिगर होती. नागपुरात तशी दुसरी नव्हती. तिचा डावा कान फुटला, तेव्हा त्यांनी पुट्टीची गोळी घेतली आणि आरशासमोर बसून, स्वतःचा कान बोटांनी चाचपत, नवा कान घडवला. आयुष्यात त्यांनी हाताने केलेली तेवढीच एक वस्तू. कोणी विचारलं नाही म्हणून कोणाला सांगितली नव्हती. आणि मागच्या दिवाळीत प्रदर्शनात मांडायला म्हणून पियुष तीच फिगर घेऊन गेला होता. नीट कागदात गुंडाळून परतही आणून दिली होती.

पण कान काय, सगळ्यांचे सारखेच असतात, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचा आपल्या डोळ्यांवर तितकासा भरवसा नव्हता. त्यांनी फिगर खाली ठेवली. अंगठा अजून त्या घडीवरच असल्यासारखा वाटत होता.

कामिनीने भिंग वर सरकवलं. चेहरा ठीक आहे म्हणाली, पण असा कान तिने एकाही फिगरला पाहिला नव्हता. कंपन्यांचे कान एकाच छापाचे असतात. हा कोण्या जिवंत माणसाचा वाटतो.

कधीच कशाची स्तुती न करणारा प्रेमानंदही म्हणाला, “कान जबरदस्त हाय. कोणाचा पाहून केला बे?”

“कोणाचा नाही, दादा. कंप्युटरवर बसून डोक्यातून काढला.”

मनोहररावांना आधी आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. बोलावं, तर ती परदेशी फिगर पियुषकडे गेली कशी हा पहिला प्रश्न येणार, आणि उत्तर एकच होतं: मी दिली. न बोलावं, तर उद्या लोक आपल्याच शब्दावर ही नक्कल घेणार.

“काका, तुम्हाला काय वाटतं?” कामिनीने विचारलं.

“हा कान माझा आहे,” ते म्हणाले.

प्रेमानंद हसला. “कान तर सगळ्याइलेच हाय, काका.”

मनोहररावांनी मान वळवून डावा कान कामिनीपुढे केला. ती भिंग लावून जवळ आली. बराच वेळ पाहिलं. मग गगनराजला उचलून तिने त्यांच्या गालाशी धरलं, आणि प्रेमानंदला बोलावलं. आता तो हसत नव्हता.

पियुष म्हणाला, योगायोग असेल. मग म्हणाला, काकांचा कान कधी नजरेत बसला असेल. तेव्हा मनोहररावांनी अडखळत पुट्टीची आणि आरशाची हकिकत सांगितली. पियुष त्यांच्याकडे बघतच राहिला.

“म्हणजे तो कान कंपनीचा नव्हता?”

बोलून झाल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं.

“डोकं काकाच्या फिगरचं हाय तर,” प्रेमानंद सावकाश म्हणाला.

“काकानंच तर देली होती,” पियुष उसळून म्हणाला. “मी काही उचलून नाही नेली. कशाले पाहिजे, तेही इचारलं नाही त्यायनं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. प्रेमानंदची नजर पियुषवरून मनोहररावांवर आली आणि तिथेच राहिली.

“काहून देली, काका?”

“प्रदर्शनासाठी.”

“कुठं लागलं होतं थे प्रदर्शन? आमाले तर दिसलं नाही.”

मनोहररावांनी तेही विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे संशय घेणं, असं त्यांना वाटलं होतं. आता हे सांगायला गेले तर ती सबब वाटली असती, म्हणून ते गप्प बसले. गप्प बसणंही बरं दिसलं नाही.

कामिनीने गगनराजवर रुमाल टाकला आणि पियुषला सांगितलं की ग्रुपवर ती नकार कळवेल. मग अगदी अदबीने तिने विचारलं की काकांच्या कपाटातलं आणखी काय काय दुरुस्त केलेलं आहे. नवा नमुना ताडून बघायला आजवर त्यांच्याच फिगरचे फोटो अस्सल म्हणून धरले जात होते.

“फक्त तो कान,” मनोहरराव म्हणाले.

ती हो म्हणाली, पण जरा उशिरा. तेव्हा त्यांनीच सांगितलं, आत्ताच या, बघून घ्या.

प्रेमानंदच्या मोटरसायकलवर मागे बसून ते घरी आले. रस्ताभर त्यांनी फक्त घराची वळणं सांगितली. कामिनी स्कूटरवर मागून आली. त्यांनी कपाट उघडलं आणि पाहुण्यासारखे बाजूला उभे राहिले. कामिनी एकेक फिगर खिडकीच्या उजेडात नेऊन पाहू लागली. परदेशी फिगरच्या कानापाशी तिने नुसती मान डोलावली.

प्रेमानंदने वरच्या फळीवरची एक फिगर काढली. तिची मूठ वळलेली होती.

“हा हात?”

“तो मूळचाच आहे,” मनोहरराव म्हणाले.

प्रेमानंद बरं म्हणाला. मग त्याने कामिनीकडून भिंग मागून घेतलं आणि त्याच हातावर धरलं.