नेवाडा ऑर्मरॉडचा खालचा सूर

“आणखी एकदा, नेवाडा. फक्त तुम्ही गा. बाकीचे आवाज नकोत,” काचेपलीकडून ऑबरी म्हणाला.

“एकटीच?” नेवाडाने कानांवरचे हेडफोन मागे सरकवले. “अरे राजा, मी खालचा सूर गाते. तो एकटा काय ऐकायचा? नुसते खांब उभे केल्यासारखं वाटेल, वर छप्परच नाही.”

“छप्पर मी नंतर चढवतो. मला तुमचा सूर स्वच्छ हवाय. शब्द न् शब्द सुटा.”

ऑबरी लंडनचा. त्यांच्या बँडचा पहिला अल्बम तोच करत होता, आणि सुरांना त्याचा कान म्हणे सोन्यासारखा होता. नेवाडाचा धाकटा भाऊ डॅलस त्याच्या शेजारी गिटार मांडीवर घेऊन बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं तर हा पठ्ठ्या बुटाची नाडी बांधत होता. मघाशीच बांधलेली नाडी! तरी तिला काही खटकलं नाही. ती गायली. अल्बममधली सगळी गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटीने. धुरी देऊन मासे टिकवायच्या शेडमधून तिने वर्षाची सगळी सुट्टी काढली होती ती याचसाठी. शेडमधल्या बाकीच्या बायका सुट्टीत स्पेनला उन्हं खायला जातात. ही स्टुडिओ केलेल्या एका जुन्या चॅपलमध्ये, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या खोलीत, तिथल्या झोपलेल्या कुत्र्यासमोर उभी राहून घसा कोरडा करत होती आणि मनातून सुखावली होती.

नेवाडा आणि डॅलस ही नावं ठेवली त्यांच्या बापाने. वॉल्टर ऑर्मरॉड इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवूडच्या गोदीवर मासे कापायचा. अमेरिकेतलं खेड्यापाड्यांचं गाणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्वतः कधी जवळच्या आइल ऑफ मॅन बेटाच्या पुढे गेला नाही, आणि तिथे जातानाही बोटीत त्याला उलट्या झाल्या. पण पोरांची नावं घातली अमेरिकेच्या नकाशातून. नोंदणी करणाऱ्या बाईने म्हणे दोनदा विचारलं होतं, “नक्की ना हो?”

त्याच्याकडे त्या गाण्यांची एक रेकॉर्ड होती. एका उन्हाळ्यात ती खिडकीच्या कट्ट्यावर राहिली. फ्लीटवूडला ऊन पडतं कधी हो! पण पडलं ते नेमकं तिच्यावर, आणि रेकॉर्ड वाकली. त्यानंतर ती फिरायला लागली की सूर डुगडुगायचा. ओळीच्या शेवटी जिथे गाणारे लांब सूर धरायचे, तिथे तर तो चक्क खाली बसायचा आणि मग सावरायचा. वॉल्टरने दुसरी रेकॉर्ड आणली नाही. पोरांना त्याने त्याच वाकड्या रेकॉर्डवरून शिकवलं, डॅलस वर आणि नेवाडा खाली. पोरांना वाटलं, गाणं असंच असतं. पुढे कुणाच्या तरी घरी त्यांनी तीच गाणी सरळ ऐकली तेव्हा नेवाडा म्हणाली होती, “यांना नीट येत नाही.”

तेव्हापासून ऑर्मरॉडांनी काहीही गायलं तरी ओळीच्या शेवटी नेवाडाचा सूर हळूच खाली बुडणार आणि वर येणार. आसपासच्या क्लबांमध्ये आणि पबांमध्ये त्याला ‘ऑर्मरॉडांची बुडी’ म्हणायचे. वीसेक वर्षं शनिवार-रविवारी ती दोघं आणि दोन वाजवणारे असे गात होते. ब्लॅकपूलच्या एका जत्रेत ऑबरीने ती बुडी ऐकली आणि तो वेडाच झाला. “हे तर खास अमेरिकेतलं आहे! हे शिकवून येत नाही,” म्हणाला. वाकलेल्या रेकॉर्डची गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही. मग त्याने बँडचं नाव बदललं. गावातल्या नदीचं नाव वायर, तिला त्याने ओढ्यासाठीचा अमेरिकेतला शब्द जोडला, क्रीक. ‘वायर क्रीक’ म्हटल्यावर फ्लीटवूडचं पार अमेरिका होऊन गेलं.

नेवाडाला नावाचं काही नव्हतं. तिला घाई होती ती आईची. आयरीन समुद्राकडेच्या वृद्धाश्रमात होती. डोळे गेलेले, हृदयही कसंबसं चाललेलं. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळा काढणं कठीण. आणि आई भेटेल तेव्हा एकच म्हणायची, “तुम्हा दोघांचा आवाज एका रेकॉर्डवर ऐकला ना, की मी मोकळी. तुझ्या बापाला वर जाऊन सांगायला काहीतरी हवं.” नेवाडा लग्नाच्या भानगडीत पडली नाही, मूलबाळ नाही, घर भाड्याचं, अंगाला कायम धुराचा वास. आईला देण्यासारखं तिच्याकडे हे एवढंच होतं.

रेकॉर्ड निघाली ऑक्टोबरात. रविवारी दुपारी खलाशांच्या क्लबात ती पहिल्यांदा वाजवायचं ठरलं. नेवाडाने अख्खी शेड गोळा करून आणली. पॉलीन सगळ्यांत पुढे, मोठं कानातलं आणि त्याहून मोठा आवाज. टेबलांवर पोर्क भरलेल्या पेस्ट्री कापून ठेवल्या होत्या, चीज-लोणच्याचे सँडविच होते. ऑबरी रुंद काठाची टोपी घालून फिरत होता. पॉलीन म्हणाली, “हा घोडा कुठे बांधून आलाय?” बायका खिदळल्या.

सुई टेकली. पहिलं गाणं सुरू झालं. डॅलसचा आवाज वर गेला, आणि खालून दुसरा आवाज येऊन त्याला मिळाला. पहिली ओळ संपताना तो खालचा सूर हळूच बुडाला आणि वर आला.

“आमची नेव!” पॉलीन ओरडली. “ऐका, ऐका! ही आमची नेव!”

बायकांनी टाळ्या पिटल्या. नेवाडाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला उद्याच ऐकवायचं, तिने ठरवून टाकलं.

आणि दुसऱ्या ओळीत ‘लव्ह’ हा शब्द आला.

फ्लीटवूडच्या माणसाच्या तोंडून हा शब्द ‘लुव्ह’ असाच निघतो. नेवाडाने जन्मभर तो तसाच गायला होता. ऑबरीने तिला तोंड उघडायला सांगितलं, जबडा सैल सोडायला सांगितलं, सगळं करून पाहिलं, तरी तो ‘लुव्ह’च राहिला. शेवटी तो हसून म्हणाला होता, “असू दे, बघू.” आणि आता रेकॉर्डवर तो शब्द कसा गोल, पसरट, अगदी अमेरिकेतला. बुडी मात्र हुबेहूब तिची होती. दम कुठे घ्यायचा तेसुद्धा तिचं होतं. फक्त गळा तिचा नव्हता.

हातातला ग्लास तिने टेबलावर ठेवला.

“नेवाडा ना तुम्ही?” एक उंच, गोरीपान मुलगी समोर येऊन उभी राहिली. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. “मी इमोजेन! किती दिवस तुम्हाला भेटायचं होतं मला. तुमचं गाणं कानात घालून झोपायचे हो मी. ती शेवटची बुडी जमेना, रडायला यायचं. ऑबरी म्हणायचा, नेवाडाचं ऐक, परत ऐक. बरं आलंय ना? खरं सांगा हं. तुम्ही माझ्या गुरू.”

मुलीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिला वाटत होतं, हिला सगळं ठाऊक असणारच. तेच फार वाईट होतं.

“छान आलंय,” नेवाडा म्हणाली. “अगदी सफाईदार.”

डॅलस तिला स्वयंपाकघरामागे सापडला, सिगरेट ओढत. तिला पाहून त्याने सिगरेट पाठीमागे लपवली, जणू तेवढंच लपवायचं राहिलं होतं.

“तुला सांगणारच होतो, नेव.”

“कधी? माझ्या मयतीला?”

“हे बघ, रेकॉर्ड कंपनीनं ठरवलं. माझ्या हातात काय होतं? ऑबरी म्हणाला, सगळं अमेरिकेतलं वाटतं आणि मध्येच एक बाई फ्लीटवूडच्या ट्राममधून उतरते.”

“आणि तू काय म्हणालास?”

डॅलसने पाठीमागची सिगरेट खाली टाकून बुटाने विझवली.

“अरे, बोल की! तू काय म्हणालास?”

“मी पन्नाशीला आलो, नेव. मला पुन्हा कोण विचारणार होतं? ही एकच संधी होती.”

“तुला होती. मला नव्हती?”

“तुझी नोकरी आहे ना शेडमध्ये...” हे बोलल्यावर त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. “आभारात तुझं नाव घातलंय आम्ही. मी भांडून घालायला लावलं.”

“कुणाच्या खाली?”

“कुणाच्या म्हणजे?”

“मी आत्ताच कव्हरवर पाहिलंय, डॅलस. चॅपलच्या कुत्र्याच्या खाली.”

आत गाणं संपलं, टाळ्या झाल्या. पॉलीन “नेव! नेव!” म्हणून सगळ्यांना ओरडायला लावत होती. डॅलसने हळू आवाजात म्हटलं, “आता थोड्या वेळाने दोन गाणी म्हणायचीत, लोकांसमोर. इथे तूच उभी राहा. गावची माणसं आहेत. बाहेरच्या कार्यक्रमांना... ती येईल.”

“मेल्या, तुला लाज कशी वाटत नाही?”

“आणि आईला काही बोलू नकोस. तिला काही कळायचं नाही.”

“आईला?” नेवाडा हसली. “डोळे गेलेत आईचे. कान नाही गेले.”

ती त्या दुपारी गायली नाही. घसा बसलाय म्हणाली. तिच्याऐवजी इमोजेन उभी राहिली, आणि ऑर्मरॉडांची बुडी ऑर्मरॉडांच्या क्लबात पहिल्यांदा परक्या गळ्यातून निघाली. लोकांना आवडली. पॉलीनलासुद्धा आवडली. “पोरगी तुझ्यासारखीच गाते गं,” ती नेवाडाच्या कानाशी म्हणाली. “तुझीच शिष्या का?”

त्या रात्री नेवाडाला अपमानाने झोप लागली नाही. पण एका गोष्टीची तिला खात्री होती. साऱ्या जगाला फसवता येईल, शेडला फसवता येईल, आईला नाही. ही बाई पावलांच्या आवाजावरून नर्स ओळखते. पोटच्या पोरीचा गळा ओळखणार नाही? पहिल्याच ओळीला म्हणेल, “ही कोण भवानी? माझी नेव कुठाय?” मग डॅलसला बोलावून त्याची अशी काढेल, अशी काढेल, की त्याला समुद्रात तोंड लपवावं लागेल. नेवाडाला त्या शिव्या ऐकायच्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर बाकी सगळं तिने गिळलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती तशीच वृद्धाश्रमात गेली. आईच्या खोलीत बापाचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. आयरीन खुर्चीत बसून होती, मांडीवर शाल, समोर गार झालेला चहा.

“आलीस? धुराचा वास आला म्हटलं. आणलीस का?”

“आणली.”

“डॅलस?”

“त्याला काम आहे.”

“असू दे. लाव, लाव.”

नेवाडाने सुई टेकवली आणि आईसमोर पलंगाच्या कडेवर बसली. डॅलस गायला लागला. आईचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग खालचा आवाज आला. नेवाडाने आईच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. ओळ संपली, सूर बुडाला, वर आला. दुसरी ओळ आली, तो गोल ‘लव्ह’ आला आणि गेला.

आयरीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“काय गायलीस गं,” ती म्हणाली. “काय गायलीस!”

“आई, नीट ऐक ना. काही वेगळं वाटतंय?”

“वाटतंय तर! आवाज सुटलाय तुझा. बाई, तुझ्या घशात कायम धुराडं बसलेलं असायचं. तुझा बाप म्हणायचा, पोरीला बोलू नकोस, वाईट वाटेल तिला. म्हणून नाही बोलले कधी. पण डॅलसचं गाणं तू खाली ओढायचीस, नेव. आता बघ कसा त्याला धरून राहिलाय तुझा सूर. एवढ्या वर्षांनी जमलं तुला.”

“हो,” नेवाडा म्हणाली. “जमलं शेवटी.”

दुसरं गाणं सुरू झालं. आईने हात पुढे केला, नेवाडाने तो हातात घेतला. खिडकीबाहेर भरती येत होती. नेवाडाच्या नकळत तिचा गळा गाण्यात मिसळला, लहानपणापासूनच्या सवयीने, अगदी हळू, खालच्या सुरात.

आयरीनने झटक्यात हात सोडवला आणि तिच्या मनगटावर चापट मारली.

“शू! मध्ये तोंड घालू नकोस. बिघडवशील सगळं. तिला गाऊ दे.”

रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा आईने बोट फिरवून पुन्हा लावायची खूण केली. नेवाडा उठली, सुई उचलली आणि पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली.