दुसरा ब्रेक

प्रसूतीच्या खोलीच्या दारात तिचे पाय खिळले. नववा महिना, खोली आधी बघून ठेवायची ही तिसरी फेरी. दोनदा ती इथूनच माघारी फिरली होती, बाळाच्या कपड्यांची पिशवी पोटाशी धरून.

कळांपेक्षा तिला भय होतं ते एका आवाजाचं. चार वर्षांमागे अशाच दाराबाहेर ती बसली होती आणि आतून थोरली बहीण ओरडत होती, "थांबा, थांबा!" कुणी थांबलं नाही. बहीण सुखरूप, भाची गोड. पण तो आवाज हिच्या कानात घर करून बसला.

"कळ माझ्या हातात नाही, पोरी," सिस्टर म्हणाल्या. "पण माझे हात तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. तू थांबा म्हणालीस की हात वर. बघायचं करून?"

नवऱ्याचा आधार घेत ती पलंगावर चढली. सिस्टरनी पोटावर हळूच हात ठेवले. तिने चादर मुठीत धरली.

"थांबा!" नवरा ओरडला.

तो गाडी शिकवणारा मास्तर. त्याच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा. शिकणारा गडबडला की दाबायचा. बारा वर्षांची सवय.

सिस्टरचे हात होते तिथेच राहिले. "मास्तर, इथे दुसरा ब्रेक नसतो."

"अहो, तिचा चेहरा बघा, पांढराफटक पडलाय!"

"तुमचा कुठे लाल आहे? बसा त्या खुर्चीवर."

तिला मात्र हसू येईना. कुणीतरी थांबा म्हणालं होतं आणि हात हलले नव्हते. तसंच दार, तोच शब्द. शब्द ओठांपर्यंत यायचा नि परत फिरायचा.

"थां... बा."

जेमतेम ऐकू गेलं असेल. पण हात उठले. तत्काळ, दोन्ही. हवेत तसेच राहिले. कुणी घाई केली नाही, कुणी "झालंच बघ" म्हणालं नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला, तिसरा खोल उतरला.

तिने मान वळवली. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबलेला.

"अहो, पाय उचला," ती म्हणाली. "गाडी माझ्याकडे आहे."

मग सिस्टरना, "हं. ठेवा हात."

ती आणखी चारदा थांबा म्हणाली. चारही वेळा हात उठले.

निघताना मास्तरांनी सवयीने पिशवी उचलली. तिने ती काढून घेतली आणि पलंगाशेजारच्या कपाटात ठेवली.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "यायचंच आहे."