नानांची जांभळं

जळगावच्या कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे फळांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही. निदान माझा तसा समज होता. जूनमध्ये दर शनिवारी धुळ्याला, देवपूरला माहेरी जाताना मी वाटेत एरंडोलला टपोरी जांभळं घ्यायचे. त्यांच्या सालीतलं रंगद्रव्य मेंदूच्या पेशींना जपत असावं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून पक्कं नाही. पण आपल्या वडिलांनाच विसर पडू लागला की एवढी आशाही पुरते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच.

त्या शनिवारी फ्रिज उघडला, तर मागच्या खेपेचा डबा तसाच, वर बुरशी! माझं डोकंच फिरलं.

"नाना, जांभळांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

नाना पेपरात तोंड खुपसून बसले. उत्तर आईने दिलं, तेही मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन. "मोसमनं पहिलं फळ तुना नाना सोताना हातवरी विहारमा ठेवतस, मंग खातस. तुले ठाऊक शे ना, संघमित्रा?"

ठाऊक होतं, पण माझ्या हुशार डोक्यात शिरलं नव्हतं. वर्षानुवर्षं विहारात वंदना सांगणारे नाना बुद्धपौर्णिमेला भर गर्दीत पंचशीलातल्या चौथ्या शीलावर अडकले होते. तेव्हापासून लाजेने ते विहारात गेले नव्हते, आणि म्हणून जांभूळही तोंडात घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताज्या जांभळांचा डबा मी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "चला विहारात."

"मनी जीभ आखो अटकी गई तं?"

"अटकू द्या. मी आहे ना."

अलीकडे कामिनीताई वंदना सांगायच्या. नानांना पाहताच त्या बाजूला सरकल्या. नानांनी जांभळं मूर्तीपुढे ठेवली, त्रिसरण म्हटलं, तीन शीलं म्हटली आणि चौथ्यावर थांबले. मी शब्द पुरवणार, तोच शेजारी बसलेल्या आईने माझा हात दाबला. सगळे हात जोडून, डोळे मिटून बसून राहिले.

नानांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्या शीलापासून सुरुवात केली. अख्खा विहार त्यांच्यामागे पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. या वेळी नाना पाचही शीलं पार करून गेले. मला रडू कोसळलं, आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

वंदनेनंतर नानांनी सगळ्यांना जांभळं वाटली, एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि बी हातात घेत कामिनीताईंना म्हणाले, "पुढला रविवारले बी मीच सांगसू. अटकनू तं थांबज्यात."

"थांबसूत, नाना," त्या म्हणाल्या.