ठेच खाणारा ठेका

"बघ, कशी लख्ख केली!" असं म्हणून उगमबाईंनी सीडी लेकाच्या हातात ठेवली.

सीडी खरोखरच लख्ख होती. देवघरातल्या तबकाइतकी. कारण ती तबकाच्याच पद्धतीनं घासलेली होती. आधी चिंच, मग चाळलेली राख आणि शेवटी काथ्या, दोन्ही बाजूंनी. जिनेशनं ती उजेडात धरली. मध्येच तिच्यातून पलीकडे पेठेतला एसटीचा लाल रंग दिसला. सीडीतून आरपार दिसू नये, एवढं कॉम्प्युटरचं ज्ञान घोडेगावात दोन हजार पाच साली सगळ्यांनाच होतं. उगमबाई तेवढ्या अपवाद.

"बाई, हे तू कधी केलंस?"

"सकाळी. काल तू ओरडत होतास ना, कुंकू लागलं, कुंकू लागलं म्हणून? काढलं सगळं. एक ठिपका ठेवला नाही."

कुंकवाचं प्रकरण लक्ष्मीपूजनाचं. त्याच्या वडिलांच्या, खेमचंद शेठजींच्या, कापड दुकानात वह्यांची पूजा व्हायची, तशी गेली सात वर्षं जिनेशच्या कॉम्प्युटरचीही व्हायची. कीबोर्डावर अक्षता पडायच्या आणि पुढे होळीपर्यंत अधूनमधून एखादं बटण अडायचं. यंदा उगमबाईंनी सुनेला सहज विचारलं, "ह्याच्या त्या पेटीचा जीव नक्की कशात असतो गं?" रीना खरं बोलायच्या वळणाची. ती म्हणाली, "त्या सीडीत. ती घातल्याशिवाय काही सुरूच होत नाही." मग काय, उगमबाईंनी सीडी पाटावर घेतली आणि तुपात कालवलेल्या कुंकवानं तिच्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. चकचकीत बाजूवर. पाठीची पूजा कोण करतं?

जिनेश शिडी चढून दुकानावरच्या माळ्यावर गेला. ड्राइव्हनं सीडी आत घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि जीभ दाखवावी तशी बाहेर काढून दाखवली. पडद्यावर सूचना आली, मूळ सीडी घाला. जिनेशनं तीच पुन्हा घातली. पुन्हा जीभ. असं त्यानं पाडव्याच्या मुहूर्तापर्यंत केलं. खालून खेमचंदांनी हाक मारली तेव्हा तो खाली गेला, गादीला नमस्कार केला, एका बाईंना मागितलेल्या पिवळ्याऐवजी हिरवा ब्लाउजपीस फाडून दिला आणि परत वर आला.

त्या सीडीत एक वाजवायचं सॉफ्टवेअर होतं. सुरू केलं की पडद्यावर जुन्या काळच्या ताल-यंत्रांची चित्रं यायची. गोल खुंट्या, लुकलुकणारे दिवे आणि खाली ओळीनं सोळा चौकोन. ज्या चौकोनावर क्लिक कराल तिथं ठोका पडायचा. ही यंत्रं परदेशात केव्हाच भंगारात गेली होती. त्यांच्या आवाजाचं सोंग हुबेहूब आणणारं हे सॉफ्टवेअर रीनाच्या भावानं अठ्ठ्याण्णव साली बाहेरून येताना आणलं. जिनेशला घड्याळ द्यावं की हे द्यावं, असा त्याला प्रश्न पडला होता म्हणे. घड्याळ दिलं असतं तर खेमचंदांचं पुढचं बरंच आयुष्य शांततेत गेलं असतं.

जिनेश पुण्यात बीकॉम करत असताना एका ऑर्केस्ट्रात पडद्यामागे गेला होता. तिथं स्टुलावर ताल-यंत्राची एक पेटी होती आणि आसपास माणूस नसताना ती वाजत होती. वादक बाहेर चहा पीत होता. जिनेशला आयुष्यात काय करायचंय ते त्या क्षणी कळलं. दुर्दैवानं वडिलांना ते त्याच्या जन्माच्या वेळीच कळलेलं होतं. मग तडजोड झाली. दिवसभर खाली कापड आणि भारनियमनातून उरेल तेवढा वेळ वर ठेके.

या ठेक्यांवर निरगुडसरच्या सावळारामची बँजो पार्टी उभी होती. जिनेश वरातीसाठी ठेका बांधून कॅसेटवर भरून द्यायचा. सावळाराम ती टेंपोत लावून वर बँजो वाजवायचा. सीडीवर देऊन उपयोग नव्हता. पहिल्याच खड्ड्याला ती उडायची. कॅसेट खड्डे सोसायची, पण एका हंगामात ताणून जायची, म्हणून दर लग्नसराईला जिनेशला नव्यानं भरून द्यावी लागे.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली होती. ठेका बांधताना जिनेशचा हात घसरला आणि शेवटून दुसऱ्या चौकोनात एक जादा ठोका पडला. ते त्याच्या लक्षात आलं तोवर कॅसेट वरातीत वाजत होती. आणि त्या जादा ठोक्याला नाचणारी सगळी माणसं गुडघ्यात एकदम वाकली. नवऱ्याच्या मामांसकट. सावळाराम दुसऱ्या दिवशी धावत दुकानात आला. "शेठ, ह्यो ठेका मधीच ठेच खातो राव! पब्लिक लई खुळं झालं!" तेव्हापासून तो ठेचेचा ठेका झाला. घोडेगाव ते मंचर, मंचर ते जुन्नर, ज्याच्या लग्नात ती ठेच नाही त्याचं लग्न लागलं की नाही, अशी शंका घेण्यापर्यंत मजल गेली. ही चूक आहे हे जिनेशनं कुणालाच सांगितलं नाही. खाली तो खेमचंदांचा मुलगा होता. माळ्यावर मात्र तो ठेचवाला होता, आणि तालुक्यात तसा दुसरा नव्हता.

दुपारी त्यानं पुण्याला मेव्हण्याला फोन लावला.

"जीजाजी, दुसरी सीडी मिळणार नाही," मेव्हणा म्हणाला. "मी आत्ताच त्यांची वेबसाइट बघितली. कंपनीनं ते रिटायर केलंय."

"रिटायर म्हणजे?"

"म्हणजे बंद. इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार मानलेत."

"कुणाचे?"

"तुमचे. म्हणजे, सगळ्यांचेच."

"अरे, मग माझ्या फायली? सात वर्षांचे ठेके आहेत."

"त्या आहेतच की. फक्त उघडणार नाहीत."

रात्रीच्या जेवणाचा विषय आयताच मिळाला. खरं तर जेवण सूर्यास्तापूर्वीच उरकायचं, म्हणून रात्रीचं म्हणायचं ते नावापुरतं.

"किती वर्षं नोकरी झाली म्हणायची त्याची?" खेमचंदांनी विचारलं.

"बाजारात येऊन आठेक."

"आणि रिटायर? मी चाळीस वर्षं गादीवर बसलोय. मला कुणी करत नाही."

"शाल-श्रीफळ तरी द्यायचं मग," रीना म्हणाली. तिला हसू येत होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते भाजीकडे वळवलं.

"माझंच चुकलं," उगमबाई हळूच म्हणाल्या.

"तुझं काही चुकलं नाही," खेमचंद म्हणाले. "ते जाणारच होतं. पूजा होऊन गेलं, एवढंच. जिनू, तुळशीच्या लग्नापर्यंत माळा मोकळा कर. साड्यांचे गठ्ठे येतायत. ती पेटी खाली आण, हिशोबाला होईल. हिशोबाला म्हणूनच घेतली होती."

हे शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

त्यानंतरचा आठवडा जिनेशनं शिडीवर काढला. वर गेला की खाली काहीतरी राहिल्यासारखं वाटे, खाली आला की वर. नारायणगावच्या सायबर कॅफेतून त्यानं एक नवं सॉफ्टवेअर उतरवून आणलं. त्यात हजारो आवाज होते. त्यानं तोच ठेका चौकोन चौकोन करून बांधला, ठेचही जागेवर बसवली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. ठोके सगळे बरोबर होते, पण ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आवाज येत होता. रीनाला ऐकवलं.

"छान आहे की," ती म्हणाली.

"नुसतं छान आहे ना? मग झालंच वाटोळं," म्हणून त्यानं स्पीकरची वायर उपटली.

तिकडे सावळारामचा हंगामातला पहिला नारळ तुळशीच्या लग्नानंतर लगेच फुटायचा होता, आणि त्याचा अजून फोन नव्हता. बिचारा आपल्या भरवशावर निवांत बसला असेल, या कल्पनेनं जिनेशची झोप उडाली. तोंडावर सांगितलेलं बरं, असं ठरवून एक दिवस तो दुकान मध्येच सोडून निघाला. मंचरला गाडी बदलली. वाटभर त्यानं वाक्यं जुळवली. 'सावळाराम, माझा नाइलाज आहे' हे फारच नाटकी वाटलं. 'सावळाराम, आईनं सीडी घासली' हे खरं होतं, पण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

निरगुडसरला सावळारामच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेंपो धुऊन उभा होता. त्याला नवे स्पीकर बांधलेले. आणि स्पीकरच्या पुढ्यात स्टँडवर काठ्यांनी वाजवायचा एक काळाकुळकुळीत ऑक्टापॅड होता, अजून प्लॅस्टिकही न काढलेला.

"या, या, शेठ! आज इकडं कुठं?" सावळाराम लगबगीनं पुढे आला आणि ऑक्टापॅडच्या आड उभा राहायचा प्रयत्न करू लागला. तो अंगानं बारीक होता. पॅड दोन्ही बाजूंनी दिसत राहिला.

"हे कधी घेतलंस?"

"त्ये व्हय? दसऱ्याला. म्हंजी मुहूर्त बरा व्हता. नारायणगावचा एक वाजीवणारा गावलाय. तमाशात व्हता आदी. बसा तर खरं. अगं ए, च्या टाक!"

"दसऱ्याला," जिनेश म्हणाला. दसऱ्याला सीडीला कुंकू अजून लागायचं होतं. दसऱ्याला सगळं सुरळीत चालू होतं.

"आमी सांगणारच व्हतो, शेठ. पण तोंडच हुईना. तुमच्या जिवावर आमी हितवर आलो. म्हनलं दिवाळी तर जाऊ द्या त्येंची गोड."

"गेली."

"आता लोकांना समोर मानूस वाजीवताना बघायचा असतोय राव. कॅसेट लावली की म्हनत्यात, ह्यो काय, ह्यो तर नुसता डायवर हाय. तुमी कशाला आला व्हता?"

जिनेशनं चहाची बशी हातात घेतली. वाटभर जुळवलेली वाक्यं आता कुणाच्याच कामाची नव्हती.

"असाच. इकडं वसुलीला आलो होतो," तो म्हणाला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आणि ठेच?"

सावळारामनं डोकं खाजवलं. "काढली. त्यो पॅडवाला आयकून म्हनला, ही चूक हाय. म्हनला, मी असलं न्हाई वाजवत, माजं नाव खराब हुतंय."

"चूकच होती ती."

"आँ?"

"हात घसरला होता माझा. पहिल्या वेळी."

सावळाराम गुडघ्यावर थाप मारून खो खो हसला. "आन् आमी सात वरसं निम्मा तालुका वाकवला की वो त्येच्यावर! शेठ, हे कुनाला सांगू नगा बरं का. लोकं म्हनतील गुडघं भरून द्या." हसता हसता तो थांबला. "लई ग्वाड व्हती पन चूक."

परतताना गाडीत उभ्यानं यावं लागलं. जिनेशला ते बरं वाटलं. बसवलं नसतंच.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माळा मोकळा झाला. कॉम्प्युटर खाली गल्ल्याजवळ आला आणि मुकाट्यानं हिशोब करू लागला. भिंतींना आवाज दाबायला लावलेले अंड्यांचे ट्रे काढले, तेव्हा खेमचंदांना इतकी वर्षं आपल्या घरात अंड्यांचं काहीतरी होतं हे प्रथमच कळलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. सीडी मात्र उगमबाईंनी टाकू दिली नाही. पूजेला बसलेली वस्तू टाकत नाहीत. त्यांनी ती देवघरात, चांदीच्या तबकाखाली ठेवली. दोन्ही सारखीच चमकत.

हंगामातली पहिली वरात पेठेत आली ती दिवेलागणीला. दुकानात गर्दी होती. खेमचंद गादीवर बसून दोन बायकांना परकराचं कापड मोजून देत होते. टेंपो दुकानासमोर येऊन थांबला. पॅडवाला उंचावर बसून जोरात वाजवत होता, स्वच्छ आणि सफाईदार. कुठेही खोट नाही. टेंपोसमोर चालणाऱ्या सावळारामनं जिनेशला बघून हात वर केला आणि लगेच बँजोत डोकं घातलं.

जिनेश पायरीवर येऊन उभा राहिला. नाचणारी पोरं होती, नवऱ्याचे चुलते होते, डोईवरचा पदर सावरत एक म्हातारीही घुसली होती. ठेका फिरून शेवटाकडे आला. शेवटून दुसऱ्या जागी पॅडवाल्यानं काहीच वाजवलं नाही. तिथं काही नव्हतंच.

आणि सगळे वाकले.

गुडघ्यात एकदम, म्हातारीसुद्धा. पॅडवाला चमकून बघायला लागला. पुढच्या फेरीला त्यानं ती जागा मुद्दाम आणखी मोकळी सोडली. पुन्हा सगळे वाकले. आता त्याचाच हात अडखळायला लागला.

त्याच वेळी जिनेशला पाठीमागून आवाज आला. खट्. त्यानं वळून पाहिलं. खेमचंदांचं लक्ष कापडावर होतं. एका हातात परकराचं टोक होतं आणि दुसऱ्या हातातलं लोखंडी मीटर फळीवर आपटत होतं. ठेका फिरला. बरोबर त्या मोकळ्या जागी पुन्हा आपटलं. सात वर्षं ज्या माळ्याखाली बसून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता, त्या माळ्याकडे त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

जिनेश बघतोय हे लक्षात आल्यावर मीटर थांबलं.

"काय बघतोस?" खेमचंद म्हणाले. "यांना जांभळ्यातली साडी दाखवायचीय. वर जा."

जिनेश शिडी चढून वर गेला. जांभळ्या साड्यांचा गठ्ठा अगदी समोरच होता. वरात पुढे सरकली, पॅडचा आवाज बाजारपेठेच्या टोकाला जाऊन बारीक झाला. खाली मीटर पुन्हा वाजायला लागलं होतं, हळू, एकट्यानं, ठेचेसकट.

"सापडलं का?" खेमचंदांनी खालून विचारलं.

"बघतोय," जिनेश म्हणाला आणि गठ्ठ्याला टेकून बसून राहिला.